एक पतंग, चार नावे, चार बाटल्या



कपाशीवर तिला अमेरिकन बोंडअळी म्हणतात, हरभऱ्यावर घाटेअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, ज्वारीवर कणसातली अळी. दुकानात प्रत्येक नावाला वेगळी बाटली, वेगळे बिल. कीड मात्र एकच, हेलिकोव्हर्पा. ती अमेरिकनही नाही! आशिया, आफ्रिका, युरोप, ऑस्ट्रेलियाची ही जुनी रहिवासी. अमेरिका खंडात तिची नोंद झाली ती 2013 साली, ब्राझीलमध्ये.

तिची रीत पाहा. मादी पतंग रात्री कोवळ्या शेंड्यांवर, पात्या-फुलांवर एकेक सुटे अंडे घालते. सारी मिळून हजाराच्या घरात. 3-4 दिवसांत अळी निघते, दोन-तीन आठवडे खाते, मग जमिनीत उतरून कोषात जाते. महिना-सव्वा महिन्यात नवा पतंग तयार. इथले पीक वाळले की तो वाऱ्यावर रातोरात कोसचे कोस जातो. खरिपात ज्वारी-कपाशी, पुढे तूर, रब्बीत हरभरा. त्याचे ताट कधी रिकामे नाही.

मग बोंडात शिरलेल्या अळीसाठी एकट्याने पाठीला पंप लावून काय होणार? औषध आत पोचत नाही, शेजारच्या शिवारातून नवे पतंग येतात आणि विषातून वाचलेल्या अळीचीच पैदास वाढते. 1987 साली आंध्रच्या कापूस पट्ट्यात पायरेथ्रॉइड औषधांना ही अळी दाद देईनाशी झाली. 2002 साली बीटी आली, कपाशीवरचा तिचा जोर ओसरला. तूर-हरभऱ्यावरची बाटली सुटली नाही. वर ठपका आमच्यावरच, की शेतकरी अडाणी, फार फवारतो. 2017 साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर मेले. ते कोणत्या बिलात धरायचे?

पतंगाला बांध कळत नाही, पीकही एकच लागत नाही. सल्ला मात्र पीकवार आणि खातेदारवार! आमची मागणी साधी आहे. कामगंध सापळ्यांतले आकडे, सर्व पिकांचे एकत्र, दर आठवड्याला गावच्या फळ्यावर लागले पाहिजेत. सापळ्यात लागोपाठ 2-3 दिवस 8-10 पतंग पडले की साऱ्या शिवाराने एकदम उठायचे, अळी लहान आहे तोवरच निंबोळी अर्क किंवा एचएनपीव्ही विषाणू फवारायचा. त्याआधी बाटली उघडायची नाही.

पतंग शिवारभर फिरतो. आपण आपापल्या वावरात एकेकटे लढलो, तर पीक अळीचे आणि पैसा दुकानदाराचा.