तासाभराची नाटकं

गावोगावच्या संमेलनांसाठी एकांकिका निवडण्याचे दिवस आले की हातकणंगल्यात हमखास विनोदी संहितांची शोधाशोध सुरू होते. यंदा आम्ही आग्रहाने दोन वेगळी नावं सुचवतो.

पहिली, जे. एम. सिंज यांची १९०४ मध्ये डब्लिनला रंगमंचावर आलेली ‘रायडर्स टू द सी’. आयर्लंडच्या एका बेटावरची म्हातारी मॉर्या. नवरा, सासरा आणि मुलगे समुद्राने गिळलेले. दूरवर सापडलेल्या एका मृतदेहाचे कपडे घरी येतात. बहीण मोज्याचे टाके मोजते: साठ घातले होते, चार सुटले होते. ते तिनेच विणलेले असतात, आणि भाऊ गेल्याची खात्री पटते. शेवटचा मुलगा बार्टली निघताना आईच्या तोंडून आशीर्वादाचा शब्द निघत नाही. तोही परतत नाही. २०१९ आणि २०२१ चा वारणा-पंचगंगेचा पूर पाहिलेल्या, इचलकरंजीच्या मागांवर सुताचा हिशेब ठेवणाऱ्या आपल्या तालुक्याला हे नाटक समजावून सांगावं लागणार नाही. कुणीतरी ते आपल्या कोल्हापुरी बोलीत आणावं, ही मनापासूनची इच्छा.

दुसरी, महेश एलकुंचवारांची ‘होळी’. सुट्टी नाकारल्याने चिडलेली वसतिगृहातली मुलं आपल्यातल्याच एकाला इतकं छळतात की तो जीव देतो. केतन मेहतांनी १९८४ मध्ये यावर चित्रपट केला. महाविद्यालयांनी ही जरूर बसवावी, आणि प्रयोगानंतर मुलांना बोलायला अर्धा तास राखून ठेवावा.