कृष्णधवल फोटोत कोणता रंग ठेवायचा?

मंडळी, पोळ्याला गावी गेलेल्यांचे फोटो ग्रुपवर आले की त्यात एक प्रकार हमखास असतो: सगळा फोटो कृष्णधवल आणि मधली एकच वस्तू रंगीत. पांढुर्ण्याच्या बगीच्यातला संत्रा, नाहीतर सौसरजवळच्या जामसावळीच्या हनुमानाचा शेंदूर. दिसतं छान, पण दर वेळी गरज असतेच असं नाही.

रंगीत फोटो राखाडी करण्याचं एक नेहमीचं सूत्र आहे: लाल गुणिले 0.299, हिरवा गुणिले 0.587, निळा गुणिले 0.114, आणि तिन्हींची बेरीज. पिकलेला संत्रा 255, 140, 0 धरा आणि उन्हातलं पान 110, 200, 70. दोघांचं उत्तर येतं 158. म्हणजे फळ पानात गडप! इथे संत्र्याचा रंग ठेवायला कारण आहे. (आधी लाल फिल्टर लावून बघा. संत्रा उजळतो, पान काळवंडतं, बरेचदा तेवढ्यावर भागतं.)

करायला सोपं आहे. रंगीत फोटोवर कृष्णधवलचा थर द्यायचा आणि हवा तिथे ब्रशने पुसायचा. फक्त रंगाचा उजेड आजूबाजूलाही पडतो हे विसरू नका. शेंदूर रंगीत ठेवला तर शेंदूर लागलेली बोटंही रंगीत हवीत.

उलटा प्रवास मात्र होत नाही. 158 वरून संत्रा की पान, हे कोणतंही ॲप फक्त अंदाजाने सांगतं. आजीच्या लग्नाचा फोटो रंगवायचा असेल तर शालू कोणत्या रंगाचा होता ते तिलाच विचारा.

आता गोटमार. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव समोरासमोर येतात, आणि नंतर फक्त रक्त लाल ठेवलेले फोटो फिरतात. ‘शिंडलर्स लिस्ट’ (1993) या कृष्णधवल सिनेमात एका लहान मुलीचा कोट लाल आहे. त्या रंगामुळे गर्दीतलं एक मूल आपल्याला दिसतं. गोटमारीच्या फोटोत नेमकं उलटं होतं: जखम दिसते, पोरगा दिसत नाही. या खेळात जीवही गेलेत. तो फोटो फिरत फिरत त्याच्या आईच्या मोबाईलवरही जातो. मी असा फोटो पुढे पाठवत नाही. रंग ठेवायचाच तर नदीत रोवलेल्या पळसावरच्या झेंड्याचा ठेवा. दोन्ही काठ त्याच्यासाठीच तर भिडतात.