यंत्रशाळा हवी, पण भाताच्या खाचरात नको

शेतकरी बांधवहो, आणि सरपंच, सदस्य, भाऊसाहेब मंडळींनो, आज जरा एका वेगळ्या अर्जाबद्दल बोलायचे आहे. समजा, उद्याच्या मासिक सभेत तुमच्या ग्रामपंचायतीपुढे एक कागद आला. मजकूर साधाच: 'आपल्या हद्दीतील अमुक गट नंबरमध्ये जेसीबी, पोकलेन, रोलर चालविण्याचे प्रशिक्षण केंद्र तात्पुरत्या स्वरूपात सुरू करावयाचे आहे, तरी ना हरकत दाखला मिळावा.' सोबत जागामालकाशी केलेला अकरा महिन्यांचा करार, सातबारा, आणि तोंडी आश्वासन, की गावच्या दहा पोरांना फी माफ. तुम्ही काय कराल?

काय होते ते तुम्हालाही ठाऊक आहे. विषय 'ऐनवेळचे विषय' या सदरात येतो. एक सूचक होतो, दुसरा अनुमोदक, आणि चहा यायच्या आत ठराव मंजूर. दाखला हातात पडला की अर्जदार समजतो परवानगी मिळाली, गाव समजते शाळा आली, आणि मालक पहिला हप्ता मोजत बसतो. यातले पहिले दोन समज चुकीचे आहेत. तिसऱ्याबद्दल पुढे बोलू.

आधीच सांगतो, मी या शाळेच्या विरोधात नाही. उलट कर्जत-खालापुरात ती वीस वर्षांपूर्वी यायला हवी होती. द्रुतगती मार्ग आपल्या तालुक्यातून गेला, पनवेल-कर्जत लोकलचा मार्ग आला, त्यासाठी वावर्ल्याला अडीच किलोमीटरहून लांब बोगदा खणला गेला. या कामांवर यंत्रे किती होती आणि त्यांच्या केबिनमध्ये बसणारे आपले किती होते? आपला पोरगा हेल्पर. ग्रीस मारायचे, डिझेल भरायचे, आणि रात्री ऑपरेटर झोपला की चोरून लिव्हर हलवून बघायचा. असा शिकलेला ऑपरेटर विजेची तार तोडतो, पाण्याची लाईन फोडतो, कधी स्वतःही यंत्राखाली जातो. बॅकहो लोडर चालवण्याचा रीतसर अभ्यासक्रम केंद्राच्या कौशल्य विकास व्यवस्थेत आहे, त्यासाठी इन्फ्रास्ट्रक्चर इक्विपमेंट स्किल कौन्सिल आहे. प्रमाणपत्र असलेला पोरगा दुसऱ्या जिल्ह्यातही ताठ मानेने काम मागू शकतो. ठाकरवाडीतल्या, कातकरीवाडीतल्या मुलाला वीटभट्टीच्या उचलीतून बाहेर पडायला असा एखादा रस्ता हवाच आहे.

(जाता जाता: पोकलेन हे एका फ्रेंच कंपनीचे नाव आणि जेसीबी हे एका इंग्रज कारखानदाराच्या नावाची आद्याक्षरे. आपल्याकडे दोन्ही शब्द आता फावडे-घमेल्याइतके मराठी झाले आहेत.)

म्हणजे प्रश्न शाळेचा नाही, जागेचा आहे. आणि अर्जातल्या 'तात्पुरत्या' या शब्दाचा आहे.

आमच्या घरची गोष्ट सांगतो. महामार्गाच्या कामाच्या वेळी आमच्या भावकीने रस्त्यालगतचे खाचर एका ठेकेदाराला यंत्रे उभी करायला दिले. करार अकरा महिन्यांचा. तो दोनदा वाढला. भाडे चांगले होते, भाताच्या उत्पन्नाशी तुलनाच नको. ठेकेदार गेला तेव्हा जमीन सपाट होती, स्वच्छ होती, वरून बघणाऱ्याला वाटावे काही झालेच नाही. पण चिखल होऊ नये म्हणून त्याने मुरूम पसरला होता. तो वरवर काढला, खालचा मातीत मिसळून गेला. बांध कुठे होते ते आम्हालाच आठवेना. पहिल्या पावसात पाणी एका कोपऱ्यात तुंबले आणि दुसरा कोपरा कोरडा. लावणी केली, आवण पिवळे पडले. मिळालेल्या भाड्यातला मोठा हिस्सा बाहेरून माती आणण्यात आणि बांध घालण्यात गेला. आज ते खाचर पिकते, पण पूर्वीसारखे नाही.

कोणी म्हणेल, भाताला खालची जमीन घट्टच लागते, चिखलणी त्यासाठीच करतो. बरोबर आहे. पण ती घट्ट थर धरलेली जमीन नांगराच्या फाळाखाली लगेच असते, आणि तिच्यावर वीतभर मऊ, काळी माती असते. वीस टनांचे पोकलेन दिवसभर त्याच पट्ट्यात पुढे-मागे होते तेव्हा ही मातीही दबते आणि तिच्या खालचीही, नांगर जिथवर पोहोचतच नाही तिथवर. त्यात हे यंत्र शिकण्यासाठी आलेले. शिकाऊ माणूस खड्डा खणतो, बुजवतो, पुन्हा खणतो. खालचा मुरूम वर येतो, वरची माती खाली जाते. भात एकवेळ कसेबसे येईल, पण भातानंतर जिरलेल्या ओलीवर येणारा वाल येणार नाही. त्याचे मूळ खाली गेले तर ओल सापडते. ते खाली जाणारच नाही. कर्जत-३, कर्जत-१८४, कर्जत-७ या भाताच्या जाती देशभर ज्या गावाचे नाव घेऊन गेल्या, त्या गावच्या मातीबद्दल आपण इतके बेफिकीर का?

आणि हे फक्त मालकाचे नुकसान नाही. आपली खाचरे उतरती. वरच्याचे पाणी मधल्यात, मधल्याचे खालच्यात. मधल्याने भराव टाकला की वरच्याचे भात कुजते आणि खालच्याचे करपते. भाडे खातो एक, भोगतात दोघे. अशा वेळी भांडत बसू नका. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली शेताकडे नैसर्गिक वाहणाऱ्या पाण्याचा अडथळा दूर करण्याचा अधिकार तहसीलदारांना आहे. मात्र दावा अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो. पावसाळ्यात अडवलेले पाणी दिवाळीनंतर आठवले आणि फाल्गुनात अर्ज केला, तर तो मुदतीबाहेर गेलाच म्हणून समजा.

आता परवानगीकडे या. 'शेड पक्की नाही, कंटेनर ठेवायचा आहे, मग परवानगी कशाला?' हे वाक्य मी कितीदा तरी ऐकले आहे, काही वेळा अधिकाऱ्यांच्या तोंडूनही. महाराष्ट्र प्रादेशिक व नगर रचना अधिनियम, १९६६ काढून कलम २(७) वाचा. 'विकास' म्हणजे फक्त इमारत नव्हे. जमिनीवर, जमिनीखाली केलेले अभियांत्रिकी किंवा खाणकाम, आणि जमिनीच्या वापरात केलेला महत्त्वाचा बदल हासुद्धा विकासच. खणायला शिकवणारी शाळा याहून वेगळे काय करते? याच कायद्याच्या कलम ५५ मध्ये विनापरवाना तात्पुरते काम झटपट काढून टाकण्याची तरतूद आहे. तात्पुरत्या कामाला सूट असती तर हे कलम लिहायची गरज पडली नसती. इंग्लंडमध्ये मोकळ्या जागेचा तात्पुरता वापर साधारणपणे वर्षाला २८ दिवस परवानगीशिवाय करता येतो, त्यापुढे परवानगी घ्यावी लागते आणि जागा होती तशी करून देण्याची अट पडते. तिकडे 'तात्पुरते' म्हणजे किती, हे दिवसांत मोजतात. आपल्याकडे तो शब्द अर्जात लिहिला की मोजणी संपते.

बिनशेतीची अट सरकारने अलीकडे बरीच सैल केली हे खरे. जमीन महसूल संहितेच्या कलम ४२ ला जोडलेली ४२ अ पासून ४२ ड पर्यंतची कलमे त्यासाठीच आली. पण बिनशेती सैल झाली म्हणजे झोन गेला असे नाही. तुमचा गट नंबर हरित विभागात असेल तर तो हरितच राहिला, आणि त्यात काय बसते ते प्रादेशिक योजना व नियमावली ठरवते. दोन्ही तालुक्यांचा बराच भाग मुंबई महानगर प्रदेशात येतो, त्याची २०१६-३६ ची योजना २०२१ मध्ये मंजूर झाली. म्हणून पहिला कागद मागायचा तो झोन दाखला. सातबारा नंतर.

दुसरा प्रश्न, परवानगी द्यायची कोणी? इथे तर कोळ्याचे जाळे आहे. कर्जत आणि खोपोलीला नगरपरिषद, खालापूरला नगरपंचायत, औद्योगिक क्षेत्रात एमआयडीसी, 'नैना'त गेलेल्या गावांना २०१३ पासून सिडको, आणि उरलेल्या ठिकाणी जिल्हाधिकारी व नगर रचना कार्यालय. त्यावर माथेरानचे पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र. ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने ते ठरले, सुमारे २१५ चौरस किलोमीटरचे, आणि त्याची हद्द डोंगरावर थांबत नाही, पायथ्याच्या गावांपर्यंत उतरते. तिथे राज्याची २०२० ची एकत्रित नियमावलीही लागू नाही. या यादीत गावठाणाबाहेरच्या जमिनीसाठी ग्रामपंचायत कुठेच नाही, हे लक्षात आले का? तुमचा दाखला म्हणजे फक्त 'आमची हरकत नाही' एवढेच. तो परवानगी नव्हे. पण तेवढीच एक गोष्ट तुमच्या हातात आहे, म्हणून ती चहाच्या आधी देऊन टाकू नका.

जमीन कोणाची आहे तेही बघा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर-आदिवासीला भाड्याने द्यायची तर महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे पाच वर्षांपर्यंतच्या पट्ट्यालाही जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वमंजुरी लागते. अकरा महिन्यांचा करार त्यातून सुटत नाही. रायगड जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने पेसाचे संरक्षण आपल्या ठाकूर-कातकरी वाड्यांना नाही, त्यामुळे हे कलम त्यांच्यासाठी अधिकच महत्त्वाचे आहे. कुळाच्या जमिनीवर, भोगवटादार वर्ग २ च्या जमिनीवर वेगळी बंधने असतात, इतर हक्कातली नोंद वाचल्याशिवाय सही करू नये. आणि मालकांनो, तुम्हाला खास सांगणे: शाळेवाला कंटेनर उचलून निघून जाईल. विनापरवाना विकासाची नोटीस कलम ५३ खाली निघते ती जमिनीच्या मालकावर. सातबारा तुमच्या नावाचा आहे.

काही सरपंचांच्या मनात येईल, एवढी कटकट कशाला, गुरचरण देऊन टाकू. तेही नको. गावाच्या सामाईक जमिनी खासगी वापराला देऊ नयेत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच दिला आहे. गुरे कमी झाली हे कबूल, म्हणून गुरचरण पोरके झाले नाही.

मग शाळा न्यायची कुठे? जी जमीन आधीच मोडली आहे तिथे. पाताळगंगा, खोपोली भागातल्या औद्योगिक क्षेत्रात मोकळे भूखंड बघा. बंद पडलेल्या दगडखाणी आहेत. खणायला शिकायचे तर खाणीहून चांगला फळा कुठला? तिथे उभी कड, खडक, चढ-उतार सगळे शिकायला मिळते, कोणाचे भात जात नाही, आणि जाताना तोच खड्डा थोडा भरून, कडा उतरत्या करून दिला तर गावाचे कामच होईल. अर्थात माथेरानच्या संवेदनशील क्षेत्रातली खाण पुन्हा उघडायची नाही, आणि कडेला पक्के कुंपण हवे. डोंगरउताराची जागा मात्र मुळीच नको. १९ जुलै २०२३ ची रात्र खालापूर विसरलेले नाही. इर्शाळवाडीवर डोंगर आला तेव्हा तिथे कोणी खणत नव्हते, नुसता पाऊस होता. वर रस्ता नसल्याने एकही मोठे यंत्र पोहोचले नाही, जवानांनी कुदळ-फावड्याने माती उपसली. २७ मृतदेह मिळाले, ५७ माणसे मिळालीच नाहीत. ज्या पायथ्याला पाऊस एकटा एवढे करतो, तिथे शिकाऊ हातात बकेट द्यायची नाही.

शाळेचा अर्ज आलाच, जागाही ठीक असली, तर ठराव असा करा की त्यात शेवट आधी लिहिलेला असेल. काम बंद होण्याची तारीख, महिना आणि वर्षासकट. मुदतवाढ हवी तर पुन्हा ग्रामसभेपुढे. जून ते सप्टेंबर खणकाम बंद. वरची वीतभर माती आधी काढून, वेगळी रचून, ताडपत्रीखाली ठेवायची आणि जाताना तीच परत पसरायची. खणलेला मुरूम त्याच जागेत राहिला तर राहिला, डंपर भरून बाहेर गेला तर ते गौण खनिजाचे उत्खनन झाले, आणि कलम ४८ खाली दंडही होतो, यंत्रही जप्त होते. गावातल्या रस्त्यावरून यंत्र चेनवर चालवायचे नाही, ट्रेलरवरूनच आणायचे. शाळा, दवाखाना जवळ असेल तर वेळ ठरवा. आणि जमीन पूर्ववत करण्यासाठी अनामत रक्कम. ती मालकाच्या करारात लिहून घ्या, बँकेत ठेवा, तोंडी नको. रक्कम किती? गावातल्याच एखाद्या जाणत्याला बांध, माती आणि सपाटीकरणाचा अंदाज काढायला सांगा. तो इंजिनिअरपेक्षा बरोबर सांगेल.

दहा पोरांना फी माफ हेही कागदावर घ्या. कोणती दहा पोरे, कोणत्या तुकडीत, आणि प्रमाणपत्र कोणाचे. ज्या केंद्राचे प्रमाणपत्र ठेकेदार ओळखत नाही, तिथे फुकट शिकूनही पोरगा हेल्परच राहतो.

आज जागेचा फोटो काढून ठेवा, चारही बांधांवरून, पाण्याची मोरी दिसेल असा. तारीख घालून तो ठरावाला जोडा, आणि एक प्रत वरच्या व खालच्या शेजाऱ्याच्या घरी द्या.