पाय गेले, जनुक राहिलं

नवा अवयव आला की समजावं नवं जनुक आलं. अवयव गळाला की त्याचं जनुकही गळालं. एका विद्वान वक्त्यांनी परवा हा सिद्धान्त छातीठोकपणे मांडला आणि टाळ्याही घेतल्या. जमा इकडे, खर्च तिकडे. किराणा दुकानाची वहीसुद्धा याहून गुंतागुंतीची असते.

आकड्यांचं आधी उरकून टाकू. जेमतेम मिलिमीटरभर लांबीच्या सी. एलेगन्स या कृमीकडे प्रथिनं घडवणारी सुमारे २०,००० जनुकं आहेत. माणसाकडेही जवळपास तेवढीच.

आता साप, कारण वक्त्यांचा हुकमी दाखला तोच. 'पायांचं जनुक गेलं, म्हणून पाय गेले.' पायांचं म्हणजे नेमकं कुठलं? ज्याच्यावाचून गर्भात हातपाय नीट घडत नाहीत, ते सॉनिक हेजहॉग जनुक सापाकडे शाबूत आहे. असणारच, मेंदूच्या जडणघडणीतही तेच राबतं. ते गेलं असतं तर पाय नसलेला साप सोडाच, सापच जन्मला नसता. बिघाड आहे भलतीकडे. उंदरात आणि माणसात या जनुकापासून सुमारे दहा लाख अक्षरं दूर, दुसऱ्याच एका जनुकाच्या पोटात, डीएनएचा एक छोटा तुकडा आहे. अंकुरणाऱ्या हातापायांत सॉनिक हेजहॉग चालू करणं हे त्याचं काम. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात उंदराचा हा तुकडा काढून तिथे सापाचा बसवला, तर पाय खुंटले. माशाचा बसवला, तर उंदराला चक्क धडधाकट पाय आले! मग अजगराच्या तुकड्यात गहाळ झालेली १७ अक्षरं परत भरली, आणि पाय पुन्हा नीट उगवले. सतरा अक्षरं! (अजगराच्या अंगावर मागच्या पायांच्या खुणा नखीच्या रूपाने अजून आहेत. वक्त्यांच्या हिशेबात त्या कुठल्या खात्यावर मांडायच्या?)

डीएनएच्या, प्रथिनं न घडवणाऱ्या या सगळ्या मुलखाला सरसकट 'भंगार' म्हणणाऱ्यांशी पूर्वीही वाजलं आहे. 'मग सगळं सोनंच का?' हा त्यांचा ठरलेला सवाल. नाही हो, बरंचसं भंगारच असेल. पण पाय कुठे फुटायचे हे तिथेही ठरतं.

माझं म्हणणं एवढंच, की प्राण्यांची शरीरं बदलली ती मुख्यतः जुनीच जनुकं कुठे, कधी आणि किती चालवायची यातल्या फेरफारांनी. शरीराचा कुठला भाग कुठे घडायचा हे ठरवणारी हॉक्स जनुकं घ्या: फळमाशीत ८, माणसात ३९. प्रती वाढल्या हे कबूल, पण मूळ घराणं एकच. डोक्याकडून शेपटीकडे त्यांचं काम ज्या क्रमाने चालतं, साधारण त्याच क्रमाने ती गुणसूत्रावर मांडलेली असतात. अर्थात त्या रांगेचंही स्तोम नको. ऑयकोप्लूरा या चिमुकल्या सागरी प्राण्यात ती पार विस्कटलेली आहे, आणि तरी त्याला शेपटी आहे.