पिचकारीला एअरब्रश म्हणू नका

लातूरच्या माझ्या घरी, टेबलाच्या खालच्या खणात तीन एअरब्रश मरून पडले आहेत. पहिल्याचं नोझल साफ करताना आट्यांतच मोडलं. तांदळाच्या दाण्याएवढं पितळ ते, अर्धं आत राहिलं आणि अर्धं पान्यात आलं. दुसऱ्यातली रबरी रिंग थिनर पिऊन फुगली, आणि ट्रिगर ओढला की रंग पुढे जायचा सोडून मागून माझ्याच मनगटावर येऊ लागला. तिसरा डब्यातून निघाला तोच वाकडी सुई घेऊन. तिघांवर घातलेल्या पैशांत थोडी भर टाकली असती तर एक धड जपानी एअरब्रश आला असता. हे गणित चौथीतल्या लेकराला जमतं. मला जमायला सहा वर्षं लागली, आणि मी आयुष्यभर नोकरी केली ती बँकेत, कॅश काउंटरवर.

तेव्हा पुढे जे वाकडं बोलणार आहे, त्यातली पहिली चपराक माझी मलाच.

रंगवायचं आहे ते बार्शी लाईटच्या इंजिनाचं छोटं मॉडेल. आताच्या पोरांना बार्शी लाईट म्हटलं तर बल्बची कंपनी वाटते. १८९७ साली एव्हरार्ड कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनिअराने बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, ते बार्शी अशी अडीच फुटी रुळांची गाडी सुरू केली. ती १९११ मध्ये लातूरला पोचली आणि १९२७ मध्ये मिरजेला. एका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार पडू द्यायचा नाही, हा कॅलथ्रॉपचा हट्ट. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीने त्याला इंजिनं करून दिली ती आठ जोडचाकांची, मागे आणखी चार. (हाच गृहस्थ पुढे रेल्वे सोडून विमानातून उडी मारायच्या पॅराशूटच्या नादी लागला. हौशी माणसाचं डोकं एका जागी राहत नाही, हे मी घरात पुरावा म्हणून वापरतो.) १९५४ मध्ये सरकारने लाईन विकत घेतली, या शतकात रूळ रुंद झाले आणि गाडी संपली. आमचे आजोबा तिच्यावर फायरमन होते. मी बनवतोय ते इंजिन त्यांच्याही आधीच्या पिढीतलं.

माप १:८७. अडीच फूट म्हणजे ७६२ मिलिमीटर, त्याला ८७ने भागलं की पावणेनऊ येतात, आणि नऊ मिलिमीटरचे रूळ बाजारात तयार मिळतात. बाकी सगळं प्लॅस्टिक शीट आणि पितळी पत्र्यातून हाताने. आता ज्यांना वाटतं की ब्रशने रंगवलं तर काय बिघडतं, त्यांनी हाच भागाकार उलटा करून पाहावा. ब्रशने दोन हात मारले की दशांश मिलिमीटरचा थर सहज बसतो. तो खऱ्या इंजिनावर किती झाला? जवळजवळ नऊ मिलिमीटर. म्हणजे इंजिनाला रंग दिला नाही, गिलावा केला. वीस मिलिमीटरचा रिव्हेट माझ्या मॉडेलवर पाव मिलिमीटरचाही भरत नाही. असे शेकडो रिव्हेट मी सुईच्या टोकाने उठवलेत. त्यांच्यावर गिलावा करायचा? मग उठवले कशाला?

एवढ्यासाठी हवेच्या जोरावर रंगाचा पातळ थर फवारणारा एअरब्रश लागतो. चैनीसाठी नाही.

पण हे लातूरला सांगायचं कुणाला? पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभं केलेलं छोट्या रेल्वेचं संग्रहालय १९९८ पासून चालू आहे. आमच्याकडची मंडळी लेकरांना घेऊन तिथे जातात, सिग्नल पडला की टाळ्या वाजवतात, मोबाइलवर शूटिंग काढतात. तीच मंडळी माझ्या टेबलाशी येऊन विचारतात, “हे काय करायलाव सर? रिटायरमेंटचा टाइमपास का?” आणि एअरब्रशची किंमत सांगितली की चेहरा असा करतात की जणू मी मटक्यावर पैसे लावलेत. ही मंडळी कोण? ज्यांनी मेडिकलच्या एका सीटपायी क्लासला, होस्टेलला, मेसला आणि वर्षभराच्या रूमला लाखांनी मोजले ती. लातूर पॅटर्नच्या गावात आणि आता नांदेडातही, ज्या गोष्टीला मार्क नाहीत तिला हत्यार चांगलं असावं हेच कुणाला पटत नाही. शाळेचा प्रोजेक्ट असला तर मात्र स्टेशनरीच्या दुकानातून थर्माकोलचा तयार ज्वालामुखी आणतात, कारण त्याला पाच मार्क असतात. लेकराच्या बोटाला रंगही लागत नाही.

आणि मग आम्ही हौशी लोकही त्याच मातीतले. घरच्यांना भिऊन, स्वतःला भिऊन, “आधी स्वस्तातला घेऊन बघू, जमलं तर चांगला घेऊ” म्हणतो. याइतका महागडा शहाणपणा दुसरा नाही. शिकणाऱ्याला वाईट हत्यार दिलं की चूक हाताची का हत्याराची, हे त्याला कधीच कळत नाही. मी दोन वर्षं माझ्या हाताला शिव्या दिल्या. रंग थुंकल्यासारखा येतोय, माझा हात थरथरतोय. रंगाच्या कपात बुडबुडे येतायत, मीच रंग नीट ढवळला नसेल. अहो, कपात बुडबुडे आले म्हणजे नोझल नीट बसलेलं नाही नाहीतर त्याला चीर गेली आहे, आणि हवा उलटी रंगात शिरतेय! एवढी साधी गोष्ट विकणाऱ्याने सांगितली नाही. त्याला माहीत असेल असंही वाटत नाही. ऑनलाइन मागवलेल्या त्या खोक्यावर एअरब्रश, पाइप, मुठीएवढा कंप्रेसर, तीन नोझल आणि मॉडेलापासून केकपर्यंत आणि केकपासून नखांपर्यंत सगळ्याला चालेल असं छापलं होतं. जे केकलाही चालतं आणि इंजिनालाही चालतं ते पुरणयंत्र असतं, एअरब्रश नसतो. सुटी सुई मागितली तर उत्तर आलं, “नवीन सेट घ्या ना सर, ऑफर आहे.”

मला खरी अक्कल आली ती गणपतीच्या शेडमध्ये. आषाढात एक मूर्तिकार मामा काम करत होते. पीतांबराच्या चुण्यांवर शेडिंग मारत होते, आणि गन अशी चालत होती की कापड खरंच दुमडलंय असं वाटावं. मी माझं रडगाणं सांगितलं. त्यांनी माझा एअरब्रश हातात घेतला, मागची टोपी काढली, सुई बाहेर ओढली आणि तिचं टोक अंगठ्याच्या नखावरून हळूच फिरवलं. नखावर बारीक ओरखडा उठला. “आकडा पडलाय टोकाला. रेघ सरळ येणार कशी?” मग स्वतःची सुई काढून तशीच फिरवली. नखाला काही नाही. त्यांची गन किती वर्षांची, विचारलं. म्हणाले, “धाकटी लग्नाची झाली, ती पाळण्यात होती तेव्हाची.” रोज संध्याकाळी काम संपलं की थिनरचा कप, सुई बाहेर, फडक्याने मागून पुढे पुसायची, पुढून मागे नाही, टोक वाकतं. त्यांचा धंदा त्या गनवर चालतो, म्हणून ती जपली जाते. बाप्पाच्या डोळ्यांची आखणी मात्र ते ब्रशनेच करतात. कुठलं काम कुठल्या हत्याराचं, याबद्दल त्यांच्या मनात गोंधळ नाही.

दुसरं टोकही सांगायला पाहिजे. नांदेडचे आमचे एक स्नेही आहेत. त्यांनी परदेशातल्या भाच्याकडून ०.२ मिलिमीटर नोझलचा अतिमहाग एअरब्रश मागवला आणि वजिराबादेत मिळालेल्या मखमली डबीत घालून तो शोकेसमध्ये ठेवला. वापरतात का? दोनदा वापरला. ॲक्रिलिक रंगाचे कण त्या भोकात अडकले आणि साहेब म्हणाले, “आपल्याकडच्या हवेला सूट होत नाही.” हवेला सूट होत नाही, हे अर्धं खरं. मे महिन्यात चाळीसच्या वर पारा गेला की पाण्यावरचा रंग सुईच्या टोकावरच वाळतो. दर दोन मिनिटांनी ओल्या कापसाने टोक पुसावं लागतं, रंगात वाळण मंद करणारं द्रावण घालावं लागतं. पण उरलेलं अर्धं खोटं. ०.२ चं नोझल हे मिशीचे केस रंगवणाऱ्याचं हत्यार. ज्याला अजून सपाट पत्रा एकसारखा रंगवता येत नाही त्याने ते घेणं म्हणजे सायकल शिकायच्या आधी घोडा घेणं.

मग घ्यायचं काय? सांगतो, कारण नुसत्या शिव्या देऊन कुणाचं इंजिन रंगत नाही.

डबल ॲक्शन घ्या: ट्रिगर दाबला की हवा, मागे ओढला की रंग. रंगाचा कप वर असलेला, म्हणजे चार थेंबांतही काम होतं आणि कमी दाबावर रंग उतरतो. नोझल ०.३. नोझल आट्यांचं असेल तर बोटाने बसवून पान्याने जेमतेम पाव फेरा द्या, पैलवानकी नको; माझं पहिलं तसंच मेलं. काही जर्मन एअरब्रशमध्ये नोझलला आटेच नसतात, ते नुसतं आत बसतं. ज्यांचा हात जड आहे त्यांनी तिकडे पाहावं. सुईभोवतीचं सील टेफ्लॉनचं आहे का, हे विचारा. रबर असेल तर हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर त्याला महिन्याभरात खाईल. आणि सगळ्यात आधी, हो, किमतीच्याही आधी, सुटी सुई आणि सुटं नोझल या मॉडेलचं मिळतं का आणि केवढ्याला, हे विचारा. सुई पडणार. प्रत्येकाची पडते, आणि पडते ती टोकावरच. जो दुकानदार सुटा भाग देऊ शकत नाही तो हत्यार विकत नाही, खेळणं विकतो. इवाटा असो, हार्डर अँड स्टीनबेक असो की बॅजर, नावाला नमस्कार करण्याआधी हा एक प्रश्न करा.

दुसरं म्हणजे, सगळे पैसे एअरब्रशवर उधळू नका. मुठीएवढ्या कंप्रेसरची हवा धापा टाकत येते, रंगही तसाच धापा टाकत बसतो. तीन लिटरची टाकी, दाब कमी-जास्त करायचा रेग्युलेटर आणि पाणी अडवणारा फिल्टर, एवढं हवंच. मॉडेलला १५ ते २० पीएसआय पुरतात. माझा एक मित्र पंक्चरवाल्याकडून पाइप जोडून आला. तिथे १०० च्या पुढे काटा. रंग मॉडेलवर बसला नाही, भिंतीवर बसला. भंगारातून जुन्या फ्रीजचा कंप्रेसर आणून जोडणारे बहाद्दरही आहेत, आणि तो आवाज कमी करतो हे खरं, पण त्याच्या हवेत तेल येतं. चांगला फिल्टर लावला नाही तर इंजिनावर माशाच्या डोळ्यांसारखी भोकं उठतात. पावसाळ्यात पाणी वेगळंच.

पाण्यावरून आठवलं. रंग पातळ करायला बोअरचं पाणी वापरू नका. आमच्या बोअरच्या पाण्याने बादलीला पांढरा थर धरतो, तो नोझलला सोडेल का? बॅटरीच्या दुकानातलं डिस्टिल्ड वॉटर आणा. आणि पाण्याची किंमत लातूरला विचारा: दुष्काळात, २०१६ च्या एप्रिलमध्ये, मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. टीव्हीवाले ‘जलदूत, जलदूत’ करत होते. मिरज, कुर्डुवाडी, लातूर हा मूळचा बार्शी लाईटचा पट्टा, हे कुणाच्या ध्यानातही नव्हतं. मी त्या दिवशी घागर घेऊन रांगेत होतो, आणि रंग पातळ करायला घरात पाव लिटर स्वच्छ पाणी नव्हतं. इंजिन सहा महिने तसंच नागडं पडून राहिलं.

चौथा एअरब्रश गेल्या महिन्यात आला. जपानी, ०.३, वरच्या कपाचा. घरात सांगितलेली किंमत आणि खरी किंमत यांतला फरक मी लिहिणार नाही. रंग दुधाइतका पातळ केला. काळ्यात थोडा राखाडी घातला, कारण एवढ्याशा वस्तूवर निव्वळ काळा रंग डांबरासारखा दिसतो. काटा १८ वर. शेजारचा बारावीतला पोरगा क्लास बुडवून बघायला आला होता. “आधी कागदावर मारून बघायचं,” म्हटलं, “आण तिकडचा पेपर.” त्याने रविवारची पुरवणी आणली. अख्खं पान कुठल्याशा क्लासची जाहिरात, निकालाचे आकडे आणि पोरापोरींचे पासपोर्ट साइज फोटो, ओळीने, मधोमध संचालक हसतायत. ट्रिगर त्याच्या हातात दिला. “दाब. आता हळू ओढ. केसाएवढं.”

रेघ आली. पेन्सिलीपेक्षा बारीक, कडा मऊ, कुठे थुंकी नाही. बरोब्बर संचालकांच्या ओठावर.

“अजून एकदा मारू का, सर?”

“मार की. दुसऱ्या बाजूला राहिलीय मिशी.”