तिघांची शर्यत आणि तयारीचा हिशेब

पणजीच्या मिरामार किनाऱ्यावर 2019 साली प्रथम भरलेली ‘आयर्नमॅन 70.3 गोवा’ ही शर्यत आता क्रीडाप्रेमी मंडळींच्या परिचयाची झाली आहे. समुद्रात 1.9 किलोमीटर पोहणे, पाठोपाठ 90 किलोमीटर सायकल चालविणे आणि शेवटी 21.1 किलोमीटर धावणे, असे तिचे स्वरूप. सर्व मिळून 70.3 मैल होतात म्हणून हे नाव. हे सारे एकट्याने साडेआठ तासांच्या आत पुरे करावयाचे असते. ज्यांना ते झेपत नाही त्यांच्यासाठी सांघिक रिलेची सोय आहे. एकाने पोहावे, दुसऱ्याने सायकल चालवावी, तिसऱ्याने धावावे आणि घोट्याला बांधलेली वेळनोंदीची पट्टी एकाने दुसऱ्याच्या स्वाधीन करावी.

या सोयीमुळे एक नवाच वर्ग शर्यतीकडे वळला आहे. कचेरीतील कारकून, बँकेतील अधिकारी, दवाखान्यातील डॉक्टर अशी माणसे मित्राच्या आग्रहाखातर नाव नोंदवितात आणि ‘एकच टप्पा तर आहे’ असे म्हणून चार-सहा आठवड्यांच्या सरावावर भागवितात. यात निंदनीय असे काही नाही. रिले ही अनेकांच्या बाबतीत पहिली पायरी ठरते. बंगळुरूचे खासदार तेजस्वी सूर्या यांनी 2022 साली गोव्यात रिलेमधील सायकलीचा टप्पा पार केला आणि 2024 साली तीच शर्यत एकट्याने 8 तास 27 मिनिटे 32 सेकंदांत पुरी केली. मर्यादा संपावयास तेव्हा अवघी अडीच मिनिटे उरली होती. दोन वर्षांच्या अवधीनंतरची ही गोष्ट आहे, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

परंतु अपुऱ्या तयारीचा गडी संघात असेल तर त्याला कोणता टप्पा द्यावा? हा प्रश्न वस्तुतः अर्थशास्त्राचा आहे. डेव्हिड रिकार्डोने 1817 साली मांडलेला तुलनात्मक लाभाचा सिद्धान्त महाविद्यालयात शिकविताना इंग्लंडचे कापड आणि पोर्तुगालचे मद्य ही उदाहरणे द्यावी लागतात; ही शर्यत त्यापेक्षा सोपे उदाहरण ठरेल. सामान्य हौशी संघाला पोहण्यास 50 मिनिटे, सायकलीस 200 मिनिटे आणि धावण्यास 130 मिनिटे लागतात असे धरू. कच्चा गडी इतरांपेक्षा 20 टक्क्यांनी मंद असला, तर सायकलीवर तो संघाची 40 मिनिटे घालवील, धावण्यात 26, आणि पोहण्यात केवळ 10. घड्याळाचा सल्ला उघड आहे: कच्च्या गड्याला पाण्यात उतरवा. अनेक संघांत नेमके हेच घडते. ‘थोडे पोहता येते ना, मग झाले’ या एका वाक्यावर निवड उरकली जाते.

येथेच वेळेचा हिशेब आणि जिवाचा हिशेब यांची फारकत होते. अमेरिकेतील ट्रायथलॉन शर्यतींचा 1985 ते 2016 या काळाचा अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यू आणि हृदयक्रिया बंद पडण्याच्या मिळून 135 घटना नोंदल्या आहेत. त्यांपैकी 90 पोहण्याच्या टप्प्यात घडल्या. शर्यतीच्या एकूण वेळेत ज्याचा वाटा सर्वांत लहान, त्याच टप्प्यात दोन तृतीयांश आघात! हे सारे अपुऱ्या सरावाचे बळी होते असे म्हणता येणार नाही. शवविच्छेदनात अनेकांना हृदयाचा पूर्वीचा विकार आढळला. तथापि कारणमीमांसेचा एक धागा साधा आहे. दमलेला सायकलस्वार पाय टेकवितो, दमलेला धावपटू चालू लागतो. दमलेल्या जलतरणपटूला थांबावयास जागा नसते. त्यातून शेकडो हातापायांची गर्दी, खारे पाणी आणि दूरवर तरंगणारी खूण. तलावाच्या कठड्याला धरून शिकलेल्या माणसाचा श्वास अशा वेळी पहिल्या दोनशे मीटरांतच सुटतो.

हा प्रश्न गोव्याचा. वाशिमला त्याचे काय, असे कोणी विचारील. 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा सहा तालुक्यांचा जिल्हा. 2011 च्या जनगणनेत लोकसंख्या जेमतेम 12 लाख, आणि पाचांतील चारांहून अधिक माणसे खेड्यांत राहणारी. 2018 साली केंद्र सरकारने आकांक्षित जिल्ह्यांत राज्यातील ज्या चार जिल्ह्यांची गणना केली त्यांत वाशिम होता. येथे समुद्र नाही आणि महागडी सायकल परवडणारा वर्गही मोठा नाही. जिल्ह्यातून समृद्धी महामार्ग गेला आहे, पण त्यावर सायकलला मज्जाव आहे. असे असूनही तयारीविना शर्यतीत उतरण्याची गोष्ट येथल्या घराघराला ठाऊक आहे, फक्त तिचे नाव वेगळे आहे.

ते नाव म्हणजे भरती. रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा, मानोरा, कोणत्याही तालुक्याच्या रस्त्याने पहाटे पाच वाजता जावे, डांबरी सडकेच्या कडेने धावणारी मुले दिसतील. अलीकडे मुलीही दिसतात. पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीला 50 गुण असतात. मुलांना 1600 मीटर, मुलींना 800 मीटर, शिवाय 100 मीटर आणि गोळाफेक. जाहिरात कधी निघेल याचा नेम नसल्याने सरावही तसाच होतो. वर्षभर शेतातली कामे किंवा अभ्यासिका, आणि तारीख लागली की महिनाभर जिवाच्या आकांताने धावणे. 2014 च्या जूनमध्ये मुंबईच्या भरतीत 5 किलोमीटरच्या धावेत काही उमेदवार दगावले. पुढील काळात ते अंतर 1600 मीटरवर आले. झारखंडमध्ये 2024 साली अबकारी शिपायांच्या भरतीत तासाभरात 10 किलोमीटर धावावयाचे होते. तेथे दहाहून अधिक तरुणांचे प्राण गेले, तेव्हा चाचणी थांबवावी लागली.

गोव्याचा हौशी खेळाडू आणि वाशिमचा उमेदवार यांच्या कमी तयारीत मात्र महदंतर आहे. पहिल्याने ती पत्करलेली असते. न जमल्यास तो सोमवारी कचेरीत जाऊन आपलीच थट्टा सांगतो. दुसऱ्यावर ती लादलेली असते आणि माघार घेतली तर वय निघून जाण्याचे भय असते. सराव ही वेळेची गुंतवणूक आहे, आणि ज्याच्यापाशी पोटापाण्याची निश्चिती असते त्यालाच अशी गुंतवणूक नियमाने करता येते. आळसाचा दोष या मुलांच्या माथी मारणारे हे विसरतात.

शासनाने काहीच केले नाही असे नव्हे. तालुका क्रीडा संकुलांची योजना राज्यात अनेक वर्षे आहे. पण आपल्या अंदाजपत्रकांची एक जुनी खोड येथेही आडवी येते. भिंत, फाटक, प्रेक्षागृह हा भांडवली खर्च. तो एकदाच करावयाचा, त्याची कोनशिला बसते, छायाचित्र निघते. मार्गदर्शक, जीवरक्षक, पाणी शुद्ध ठेवणारा कामगार हा महसुली खर्च. तो दरसाल करावा लागतो आणि त्याचे उद्घाटन होत नाही. जलतरण तलावाचे तर याहून कठीण. मैदानावर मार्गदर्शक नसला तरी मुले धावतील. तलावावर माणूस नसेल तर तो बंदच ठेवणे शहाणपणाचे. पूर्वी खेड्यातले पोर पाठीला डबा बांधून विहिरीत पोहावयास शिकत असे. ते शिक्षण धोक्याचे होते, पण शिक्षण होते. आता विहिरींवर मोटारी बसल्या, पाणी खोल गेले, आणि पोहणे न येणारी पिढी दरवर्षी गणेशविसर्जनाला नदी-तलावांत उतरते.

म्हणून वाशिमसारख्या जिल्ह्यात अशी रिले भरवावयाची झाल्यास ती गोव्याची नक्कल असू नये. एकबुर्जी प्रकल्पाचे पाणी शहराला पिण्यासाठी लागते, तेथे शर्यत उचित नव्हे. तीन-चारशे मीटरांचे पोहणे तलावातच व्हावे, साध्या सायकलींनी वीस किलोमीटर आणि पाच किलोमीटर धावणे. सोयाबीनची काढणी उरकल्यावरचा, डिसेंबराचा काळ त्यास बरा. नावे तीन महिने आधी घ्यावीत, आणि पोहणाऱ्याने ते अंतर मार्गदर्शकासमक्ष न थांबता दोनदा कापून दाखविल्याखेरीज त्याचे नाव कायम करू नये. धावण्याच्या टप्प्यासाठी माणसे शोधावी लागणार नाहीत. ती पहाटे पाचला रस्त्यावर आहेतच. पोहणाऱ्यांची वाण पडेल. भरतीच्या त्या 50 गुणांत पोहण्याला आजही एक गुण नाही. पूर आला की नदीकाठी बंदोबस्ताला मात्र हीच मुले उभी राहावयाची असतात.