इंद्रवेल्लीचा स्तंभ

स्मारक हे केवळ मृतांसाठी नसते; जिवंतांना जाब विचारण्यासाठीही ते असते. आदिलाबाद जिल्ह्यातील इंद्रवेल्लीचा हुतात्मा स्तंभ हे असेच एक स्मारक होय.

सोमवार, २० एप्रिल १९८१. इंद्रवेल्लीच्या बाजाराचा तो दिवस. हातची गेलेली जमीन परत मिळावी, या मागणीसाठी गोंड आदिवासी तेथे सभेस जमू लागले. सभेला परवानगी नव्हती. पोलिसांनी गोळीबार केला. शासनाने मृतांची संख्या १३ सांगितली. ती याहून पुष्कळ अधिक होती, असे नागरी हक्क संघटनांचे म्हणणे. त्यांच्या स्मरणार्थ उभारलेला स्तंभही १९८६ साली उद्ध्वस्त करण्यात आला आणि पुढे तो पुन्हा बांधावा लागला. कित्येक वर्षे स्मृतिदिनी तेथे जमावबंदी असे.

कोणी म्हणतील, सभेमागे सशस्त्र क्रांतीचे पुरस्कर्ते होते. मग त्यांचा गौरव कशाला? बंदुकीच्या मार्गाचे समर्थन आम्हीही करीत नाही. परंतु जमिनीसाठी दाद मागणे हा गुन्हा नव्हे. अनुसूचित क्षेत्रातील जमीन बिगर-आदिवासींना देण्यास १९७० सालीच कायद्याने मनाई केली होती. तो कायदा कसोशीने पाळला जाता, तर सभेचे कारणच उरले नसते.

या भागात जमिनीसाठी येऊन वसलेल्यांत महाराष्ट्रातून आलेले मराठी भाषकही होते. म्हणूनच हा इतिहास आपल्याला परका नाही. विद्यार्थी मित्रहो, स्तंभाला हार घालणे सोपे आहे. शेजारच्या गोंड शेतकऱ्याचा त्याच्या भूमीवरील हक्क मनापासून मान्य करणे कठीण. पण खरी श्रद्धांजली तीच होय.